वाघावरची रिकामी बैठक

कोंडाजी ओतारी चिडला की भाता जोरात ओढायचा आणि खूश झाला तरी जोरातच ओढायचा, त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते भट्टीकडे बघून कुणालाच कळत नसे. कळायचं ते एका त्याच्या बायकोला, सोनाबाईला. तिनं त्याच्या भट्टीपुढं उभा जन्म काढला होता. खालापूरच्या वेशीपाशी त्यांचं घर, घरापुढं पडवी आणि पडवीच्या टोकाला ती भट्टी. कोंडाजी कासं ओतायचा आणि सोनाबाई मेण घडवायची. नाव मात्र कोंडाजीचं. बैलाच्या गळ्यातली घंटा, म्हणजे घाट, कोंडाजीची, देव्हाऱ्यातला नंदीही कोंडाजीचाच! आता ओतकामात जनावर आधी मेणाचं होतं, मग त्यावर मातीचा लेप चढतो, मग आच लागून मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत तापलेलं कासं शिरतं. म्हणजे नंदीचं वशिंड, त्याचा कान, नाकपुडीतला तो माज, सगळं सोनाबाईच्या बोटांतलं. पण मेण वाहून गेलं की तिचं कामही वाहून गेलं. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही असं कोण म्हणेल? वाटायचं की! पण बोलून दाखवायला वेळ कुणाला होता?

त्या घरात एक रीत होती. देवळाचं वाहन ओतायचं झालं, म्हणजे जत्रेच्या दिवशी ज्याच्यावर देव बसवून मिरवतात तो नंदी नाही तर मोर, तर त्याच्या पाठीवर देवाला बसायला सपाट बैठक ओतायची. वाहन देवळात गेलं की घरची भट्टी विझवायची. देव त्या बैठकीवर बसला म्हणजे देवळातून नारळ यायचा, त्यातलं खोबरं आधी भट्टीला ठेवायचं आणि मगच पुन्हा आग घालायची. आपण केलेली बैठक रिकामी असताना ओताऱ्यानं दुसऱ्या ओतकामाला हात लावायचा नाही. कोंडाजीच्या आज्यानं पाळलं, बापानं पाळलं, आणि कोंडाजी तर रीत म्हटली की दोघांपेक्षा हट्टी.

अशा या घरी एके दिवशी सकाळी दत्तोपंत आले. दत्तोपंत म्हणजे खालापूरच्या शाळेचे मास्तर. माणूस लाखातला, पण साधं बोलणं म्हणून त्यांना जमत नसे. पाऊस पडतोय म्हणायचं तर ते ‘मेघराजाची कृपा झाली’ म्हणत.

"अरे कोंडाजी, तुझं नशीब उघडलं!" पंत पडवीत टेकले. "मुंबईत युनिव्हर्सिटीची नवी इमारत झाली आहे. तिच्या बागेत काशाची जनावरं उभी करायची आहेत, आपल्याकडच्या रानातली नि शेतातली. वाघ, बैल आणि सांबर. तिथल्या इंजिनेर साहेबानं साजगावच्या जत्रेत तुझा नंदी पाहिला, आणि मला म्हणाला, हीच जनावरं मोठी करून हवीत. चांगली वासराएवढी!"

कोंडाजीनं भाता थांबवला. वासराएवढं जनावर ओतायचं हे त्याचं पोरवयापासूनचं वेड. उभी हयात घाटी-घुंगरं ओतण्यात गेली होती.

"ते सगळं झालं पंत, पन युनव्हरशेटी म्हंजी काय?"

आता इथं पंतांनी ‘मोठी शाळा’ म्हटलं असतं, तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण म्हणतील तर ते दत्तोपंत कसले! त्यांनी उपरणं सावरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "युनिव्हर्सिटी म्हणजे विद्येचं मंदिर!"

झालं. पंत गेले आणि नवराबायकोत विचार सुरू झाला. मंदिर म्हटल्यावर ही जनावरं म्हणजे वाहनंच. वाघावर देवी बसणार, बैलावर महादेव. इथवर सरळ होतं.

"पन सांबरावर कोन बसतंय?" सोनाबाईनं विचारलं.

"आसंल कोनी. साहेबाच्या मुलखातला देव आसंल."

"आन त्याला ती शिंगं टोचत नायत व्हय?"

कोंडाजीनं बराच वेळ डोकं खाजवलं. "तू शिंगं जरा बाजूला फाकवून कर गं. म्हंजी कोनचाबी देव बसला तरी बेतानं बसंल."

सोनाबाईनं बैल आधी केला, कारण बैल तिच्या हातात मुरलेला. मग फाकल्या शिंगांचं सांबर झालं. वाघापाशी मात्र घोडं अडलं. कोंडाजीला वाघ हवा होता जबडा फाडलेला, जीभ बाहेर, डोळे वटारलेले. तिनं तसा केला. दोन दिवस त्याच्याकडे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी अख्खं मेण पुन्हा परातीत दाबून टाकलं.

"अगं ए! येड लागलं का तुला?" कोंडाजी ओरडला.

"अवो, वाघ काय तोंड उघडून हिंडतोय? त्याचं काय दात दुखत्यात?"

तिला बोलायचा अधिकार होता, कारण तिनं वाघ पाहिला होता. पळसदरी तिचं माहेर. पोरवयात पत्रावळीसाठी पानं काढायला ती रानात गेली होती, आणि ओढ्यापलीकडून तो आला. अंगावर उन्हाचे कवडसे, पाऊल उचललेलं, तोंड मिटलेलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. कोण आहे एवढंच बघितलं, आणि आपल्या वाटेनं निघून गेला. सोनाबाई घरी येऊन थरथर कापली, पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिच्या मनात राहून गेलं. इतकं देखणं काही तिनं त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तोच वाघ तिला करायचा होता. पुढचा पंजा उचललेला, तोंड मिटलेलं, कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळलेली. त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मागं, तिनं देवीची बैठक केली आणि बैठकीच्या कडेनं कमळाच्या पाकळ्या काढल्या.

कोंडाजी त्या वाघासमोर उकिडवा बसला. त्यानं चिलीम भरली आणि ओढायची विसरला.

"काय वो? बोला की कायतरी."

"ह्यो वाघ मला ओळखत नाय," कोंडाजी हळूच म्हणाला. "माज्याकडं बघतोय, पन मी कोन त्याची त्याला फिकीर नाय."

चाळीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठी शाबासकी तिला मिळाली नव्हती. ती चुलीपाशी गेली आणि उगाचच भांडी वाजवत बसली.

ओतायला पेणहून भाऊबंद आले. एवढं कासं वितळवायला एक मूस पुरेना, म्हणून चार भट्ट्या लावल्या होत्या. मुशीतलं कासं उन्हातसुद्धा बघवेना इतकं लखलखत होतं. कोंडाजी या मुशीपासून त्या मुशीकडे पळत होता, शिव्या देत होता, देवाचं नाव घेत होता, आणि कुठली मूस कधी उचलायची ते नुसत्या रंगावरून सांगत होता. बैल-सांबर ओतून झाले, आणि शेवटी धार वाघाच्या साच्यात शिरली तसा तो गप्प झाला. धार कुठं तुटली असती तर वाघाच्या अंगात कायमची चीर राहिली असती. ती तुटली नाही. साचा निवल्यावर त्यानं हातोडीनं माती फोडली, आणि आधी कान बाहेर आला, मग ती वळलेली मान, मग तो उचललेला पंजा. सोनाबाईच्या बोटाचा एक ठसा वाघाच्या हनुवटीखाली मेणात राहून गेला होता, तोही काशात उतरला होता. कोंडाजीनं कानस घेतली, तो ठसा बघितला आणि कानस खाली ठेवली.

मग काय विचारता! खोपोलीपासून कर्जतपर्यंतची माणसं बघायला लोटली. बाया बैलाला हळदकुंकू लावून गेल्या. शेजारच्या मालोजीचं कुत्रं वाघाला बघून जे शेपूट घालून पळालं ते जेवायलाही येईना. मालोजी स्वतः धीट, पण तोही वाघाच्या तोंडासमोरून जाताना जरा वळसा घेऊनच जायचा. कोंडाजी मिशीत हसत होता. त्याच्या जन्माचं चीज झालं होतं.

साहेब आला तेव्हा तोही टोपी काढून उभा राहिला. वाघाभोवती फिरला, वाकून पंजा बघितला. मग पाठीवरच्या बैठकीवर हात ठेवून त्यानं पंतांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. ती बैठक कशासाठी आहे ते पंतांनाही माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले, शोभेसाठी आहे. साहेब खूश झाला. कोंडाजीला वाटलं, साहेबानं देवीची जागा नीट झालीय का ते तपासलं.

गाड्यांत गवत घालून तिन्ही जनावरं कर्जतच्या ठेसनावर नेली आणि आगगाडीत चढवली. घरी परतल्या परतल्या कोंडाजीनं भट्टीवर पाणी टाकलं आणि पडवीत नारळाची वाट बघत बसला.

नारळ येईना. आठवडे गेले, शेतं कापून झाली. कोंडाजी रोज वेशीपर्यंत जाऊन यायचा. "मोठं देऊळ हाय," तो म्हणायचा, "मुहूर्त काडायला येळ लागत आसंल." शेवटी एके दिवशी त्यानं शाळेसमोर पंतांना गाठलं. सोनाबाई बरोबर होतीच.

"पंत, देव बसला का वो?"

"कसला देव?"

"वाघावर देवी. बैलावर महादेव. सांबरावर... ते तुमालाच ठावं."

पंत आधी हसले. मग त्यांनी कोंडाजीचा चेहरा बघितला आणि हसणं आवरलं. सगळी रीत ऐकून घेतल्यावर तर ते पार वरमले. "अरे, तिथं देव नाही रे कोंडाजी. मुलं शिकतात तिथं. मंदिर म्हणजे... ती नुसती म्हणायची पद्धत आहे."

"म्हनायची पद्दत?" कोंडाजीचा आवाज चढला. "आन माजी भट्टी इजली ती बी म्हनायचीच पद्दत हाय का?"



त्या दिवसापासून कोंडाजीनं ओतकामाचं नाव घेतलं नाही. घाट मागायला कुणी आलं की पेणला जा म्हणायचा. भावाच्या शेतावर राबायचा, भांडी ठोकून द्यायचा, पण भट्टी थंडच. पंतांनी सुचवलं, आपणच इथं एक नारळ वाढवू. कोंडाजीनं त्यांच्याकडे असं बघितलं की पंत पाणीसुद्धा न घेता निघाले. मालोजीच्या बैलाची घाट तडकली होती. ती बदलून द्यायला गावात दुसरा ओतारी नव्हता, त्यामुळे रोज संध्याकाळी गुरं घरी येताना ती फुटकी घाट घराच्या अगदी पुढ्यातून खडखडत जायची. कोंडाजी कानावर उपरणं दाबून धरायचा. सोनाबाईला ते बघवत नसे. माणूस जेवत होता, झोपत होता, पण त्याचे हात नुसते मांडीवर पडून असायचे, आणि त्या हातांची तिला दया यायची. मेणाचा गोळा तिनं फडक्यात बांधून फळीवर ठेवला होता, तो दगडासारखा झाला.

अशी तीन वर्षं गेली. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"मी चालले म्हमईला," एके दिवशी ती म्हणाली. "माजा वाघ मला बघायचाय."

"रिकामी बैठक बघून काय करायचंय?"

"पोरीला सासरी धाडून तिचं बरंवाईट बघाया पन जायचं नाय? कसलं मेलं बापाचं काळीज तुमचं! तुमी नका येऊ. मी पंतांसंगं जाते."

कोंडाजी फणफणला, आणि जायच्या दिवशी तिच्याआधी डोक्याला मुंडासं बांधून उभा राहिला. पंत तर बिचारे केव्हाचे तयार होते. आपल्या एका शब्दापायी एवढं झालं हे त्यांना खात होतं. वाटेत, कर्जतहून गाडी सुटल्यावर, ते इतके गप्प होते की सोनाबाईलाच त्यांची कीव आली आणि तिनं त्यांना पदरातली भाकरी दिली.

मुंबईतली ती इमारत बघून सोनाबाईची मान दुखली. दगडात एवढी नक्षी, एवढे उंच मनोरे, आणि खाली हिरवीगार बाग. कोंडाजी मात्र खाली मान घालून चालत होता. त्याला बघायचंच नव्हतं. आधी सांबर दिसलं. त्याच्या फाकलेल्या शिंगांवर पोरांनी आपल्या पगड्या अडकवल्या होत्या आणि पोरं गवतावर बसून मोठमोठ्यानं वाद घालत होती. "बरी कामाला आली गं शिंगं," पंत चुकून बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. बैलाला टेकून एक जण पेंगत होता. उन्हापावसानं कासं काळसर हिरवं झालं होतं, पण बैलाच्या पाठीवरची ती बैठक? ती पिवळीधमक चकाकत होती. सोनाबाई थबकली. कासं असं चकाकतं ते रोज अंगाखाली घासलं गेलं तरच. तिनं कोंडाजीची बाही ओढली, पण तो झटक्यानं पुढं गेला होता.

कारण त्याला वाघ दिसला होता, आणि वाघावर कुणीतरी बसलं होतं.

"ए! उतर खाली!" कोंडाजी तरातरा चालत सुटला. तीन वर्षांचा राग त्याच्या तोंडाशी आला होता. "देवाची जागा हाय ती! उतर आदी..."

बसलेल्या माणसानं वळून बघितलं. ती पोरगी होती. अठराएक वर्षांची, नऊवारीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर उघडं पुस्तक, आणि वाचता वाचता एक हात वाघाच्या मानेवर ठेवलेला. खाली वाघ मान वळवून उभा. वर ती, तशीच मान वळवून बघत होती.

कोंडाजीचं तोंड उघडंच राहिलं. वाघावर देवी बसलेली त्यानं पाटावर, भिंतीवर, देव्हाऱ्यातल्या टाकांवर आयुष्यभर बघितली होती. त्याचे हात आपसूक जोडले गेले. सोनाबाई मागून आली, तिनंही बघितलं, आणि तिला रडूच फुटलं.

पोरगी घाबरून उतरायला लागली. "आजोबा, चुकलं का माझं काही? इथं आम्ही सगळेच बसतो."

"नको, नको उतरू गं बाय!" कोंडाजी म्हणाला. "बस. तू बस. जागा तुजीच हाय ती."

तिला काही कळलं नाही. एवढी म्हातारी माणसं हात जोडून का उभी आहेत, तेही कळलं नाही. पण पोरगी गोड होती. तिचं नाव द्वारका. या मोठ्या जागेत शिकणाऱ्या मुली कितीशा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती सांगू लागली, पहिल्या दिवशी मी आले तेव्हा पोरं टकमका बघत होती, कुठं बसावं कळेना, तेव्हा या वाघानंच आधार दिला. "हा कसा बघतो बघा ना, आजी. कुणाला भीत नाही आणि कुणाला भिववतही नाही. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे ह्याच्या पंजाला हात लावून जातो." ती वाघाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "कुणी केलाय ते इथं कुणालाच ठाऊक नाही. पण ज्यानं केला, त्यानं खरा वाघ अगदी जवळून पाहिला असणार."

पंतांनी घसा साफ केला. आता ते कोंडाजीची ओळख करून देणार, चांगली अलंकारिक भाषेत, हे उघड होतं. पण कोंडाजीनंच त्यांना हातानं थांबवलं.

"ज्यानं नाय गं पोरी," तो म्हणाला. "जिनं."

त्यानं सोनाबाईला दंडाला धरून पुढं केलं, तिचं बोट हातात घेतलं आणि वाघाच्या हनुवटीखाली त्या जुन्या ठशावर टेकवलं. बोट बरोब्बर बसलं. द्वारका वाकून बघत राहिली, एकदा ठशाकडे आणि एकदा त्या म्हातारीकडे. मग ती वाघावरून उतरली आणि तिनं सोनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. सोनाबाईला कुठं बघावं ते कळेना. "उठ गं बाय, उठ, लुगडं मळंल," एवढंच ती म्हणत राहिली.

"आजी, घरी आला असतात तर जेवूनच जा म्हटलं असतं. इथं माझ्याकडे एवढंच आहे." द्वारकेनं आपला डबा उघडला. आत नारळाच्या वड्या होत्या. दोन वड्या तिनं सोनाबाईच्या हातावर ठेवल्या.

सोनाबाईनं त्या वड्यांकडे बघितलं, मग कोंडाजीकडे. एक वडी तिनं मोडून तिघांत वाटली. दुसरी तिनं तोंडाला लावली नाही, भट्टीसाठी पदराच्या टोकाला घट्ट बांधली. पंतांना ते कळलं, आणि त्यांनी आपला तुकडा आधी कपाळाला लावून मग तोंडात टाकला.

द्वारका पुन्हा वाघावर बसली आणि तिनं पुस्तक उघडलं. कोंडाजी थोडा वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं मुंडासं नीट केलं आणि कितीतरी दिवसांनी आपले दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा चोळले.

"चल गं बिगीबिगी," तो म्हणाला. "मालोजीची घाट करायची राहिलीय."